बाळाला धाप का लागते?

घरातील दोन-अडीच वर्षांचे नातवंड महिन्यातून दोनदा खोकते. रात्री छाती घरघरते, औषधाने चार दिवस आराम पडतो आणि पुन्हा तेच सुरू होते. रक्त तपासून होते, छातीचा एक्स-रे निघतो आणि ‘विशेष काही दिसत नाही’ असे सांगितले जाते. आई-वडील कामावर असताना मूल दिवसभर आपल्याच सोबतीला असल्याने ही काळजी आपल्याला अधिक पोखरते. वाचकहो, अशा वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एक्स-रेत न दिसलेले उत्तर पुष्कळदा मुलाजवळ सतत असणाऱ्या माणसाच्या आठवणीत असते.

साध्या शेंगदाण्याचेच पाहा. एक ते तीन वर्षांच्या मुलांना कठीण पदार्थ बारीक चावण्याजोग्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात. खाता खाता हसताना किंवा पळताना ठसका लागतो, मूल लालबुंद होते, थोड्या वेळाने खोकला थांबतो आणि घर तो प्रसंग विसरून जाते. परंतु दाणा श्वासनलिकेच्या एखाद्या शाखेत अडकला असेल, तर ही शांतता फसवी असते. दाणा ओलाव्याने फुगतो, भोवतीचे अस्तर सुजते, पलीकडे कफ साचतो आणि फुप्फुसाच्या त्याच भागात वारंवार न्यूमोनिया होतो. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. काही वेळा सारा एक्स-रेच निर्दोष वाटतो. म्हणून ठसक्याची हकिगत कळली, तरच डॉक्टरांच्या मनात दुर्बिणीच्या तपासणीचा, म्हणजे ब्राँकोस्कोपीचा विचार वेळेवर येतो. मुलाला भूल देऊन त्याच दुर्बिणीतून दाणा काढताही येतो.

अर्थात प्रत्येक घरघरीमागे दाणा नसतो. धूळ, थंड हवा किंवा धावपळ यांनी वाढणारा, पहाटे उठवणारा खोकला दम्याकडे बोट दाखवतो. तोंड उघडे ठेवून घोरत झोपणाऱ्या मुलाच्या नाकामागील अडिनॉइड ग्रंथी वाढलेल्या असू शकतात. दूध पिताना घाम येऊन थकणाऱ्या तान्ह्या बाळाचे हृदय तपासावे लागते. घरात कुणाला दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, तर क्षयरोगाची शंका फेडून घ्यावी लागते.

म्हणून एक वही घालावी. त्रास अचानक सुरू झाला की हळूहळू, श्वास घेताना आवाज येतो की सोडताना, खाण्याशी वा झोपेशी त्याचा संबंध आहे का, हे तारखेसह लिहावे. श्वास घेतानाचा कर्कश आवाज बहुधा घसा व स्वरयंत्राकडचा अडथळा सुचवतो, तर सोडतानाची शिट्टी छातीतील नलिकांचा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्रास ओसरतो, म्हणून मोबाइलवर त्याचे चित्रण करून ठेवावे.

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात 60 किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक श्वास भरले, तर ती गती जलद समजावी व त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर होणे, पाणी वा दूध न पिणे, मूल मलूल पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास वही बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक आहे.

घरगुती उपायांत तारतम्य असावे. नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया करू शकते. ओवा-वावडिंगाची धुरी आपल्या परंपरेत असली, तरी धाप लागलेल्या मुलाला कोणताही धूर बाधतोच. उदबत्ती, डासांची कॉइल आणि विडी-सिगारेटही त्याच्यापासून दूर असावी. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे वा पॉपकॉर्न देऊ नयेत. दर आठवड्याला डॉक्टर बदलण्यापेक्षा सर्व कागद तारखेनुसार लावून एकाच बालरोगतज्ज्ञाकडे सातत्याने जावे आणि गरज पडल्यास त्यांच्याच सल्ल्याने श्वसनविकारतज्ज्ञ गाठावा.

शेवटी एक नाजूक गोष्ट. ‘दाणे मीच दिले होते’ हे सुनेसमोर, लेकीसमोर सांगताना आजीची जीभ अडखळते. त्या संकोचापायी मुलाचे कित्येक महिने औषधांत जाऊ शकतात. घरच्यांनीही ठसक्याविषयी विचारताना दोषाचा सूर लावू नये. आजी-आजोबांना निर्भयपणे बोलता आले, तरच डॉक्टरांना हवी असलेली हकिगत त्यांच्यापर्यंत पोहोचेल.