साडीचोळी आणि पहाणी

वडिलांचे दिवसकार्य उरकले की आपल्या घराण्यांतून एक कागद तयार होतो. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. मजकूर कन्नडमध्ये, लिहवून घेणारे भाऊ, आणि सही करणारी बहीण लातूर, नांदेड वा सोलापूर जिल्ह्यात नांदणारी, कन्नड अक्षर न ओळखणारी. तिला साडीचोळी मिळते, भावांची नावे पहाणीला चढतात आणि सर्वजण अभिमानाने सांगतात, 'आमच्या घरात वाटणीवरून कधी वाद झाला नाही.' भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील जुन्या मराठी घराण्यांचे हे भूषण समजले जाते. आम्हांस ते भूषण वाटत नाही.

या प्रथेचे पहिले समर्थन परंपरेच्या नावाने होते. परंपरा म्हणजे कोणती? ज्या मिताक्षरेच्या आधारावर हिंदू कुटुंबाच्या वाटण्या शतकानुशतके झाल्या, ती विज्ञानेश्वराने आपल्याच मातीत, कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी (१०७६ ते ११२६) लिहिली. पुत्राचा वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क असतो, हे तिचे सूत्र आपल्या भावांना तोंडपाठ आहे. परंतु त्याच ग्रंथात बापाच्या पश्चात होणाऱ्या वाटणीत आईला मुलाइतका वाटा सांगितला आहे. अविवाहित बहिणीला चतुर्थांश सांगितला असून, तो केवळ लग्नखर्चापुरता नव्हे, ती वाट्याची धनी आहे, असा विज्ञानेश्वराचा स्पष्ट आग्रह आहे. वारसाने, खरेदीने वा वाटणीने स्त्रीला जे मिळेल ते सर्व स्त्रीधन, असा व्यापक अर्थही त्यानेच लावला. तो पुढे इंग्रजी अमदानीत प्रिव्ही कौन्सिलच्या निकालांनी आकुंचित केला. विज्ञानेश्वराने मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्महक्क दिला नव्हता, हे खरे. पण आठ-नऊशे वर्षांपूर्वी तो जेथवर आला होता, तेथवरही आपण आलेलो नाही. तेव्हा परंपरेची साक्ष काढणाऱ्यांनी आधी आपल्या गावचा ग्रंथ उघडावा.

दुसरे समर्थन जमिनीच्या तुकड्यांचे. बहिणींना वाटा दिला तर वाफे उरतील, असे म्हणतात. तुकड्यांची एवढी धास्ती ज्यांना खरोखरच होती, त्यांनी काय केले ते पाहावे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये मृत्युपत्र नसेल तर सारी जमीन थोरल्या मुलाकडे जाई. मोठ्या जमीनदारांत तर पिढ्यान्‌पिढ्या जमीन बांधून ठेवणारे करारच असत. धाकट्यांनी धर्मखात्यात, सैन्यात, वकिलीत किंवा हिंदुस्थानातील नोकरीत नशीब काढावे, अशी रीत होती. जेन ऑस्टिनच्या १८१३ मधील कादंबरीत पाच मुलींच्या बापाची इस्टेट दूरच्या नातलगाकडे जाणार असते, ती याच व्यवस्थेमुळे. ही रीत अन्यायाची होती. १९२५ च्या कायद्याने ती मोडली. तरी तिच्यात दोन गोष्टी होत्या. जमीन अखंड ठेवण्याची किंमत धाकटे मुलगेही मोजत. आणि त्या करारांत मुलींच्या नावाने ठरावीक रोख रक्कम लिहिलेली असे. तिचा बोजा इस्टेटीवर राही व ती न्यायालयातून वसूल करता येई. आपल्याकडे चार भाऊ वीस एकरांचे चार तुकडे निमूटपणे करतात. तुकड्यांचे अर्थशास्त्र पाचवी वाटेकरी दारात उभी राहिली म्हणजेच आठवते!

तिसरे समर्थन असे की, बहीण सीमेपलीकडे राहते, ती शेती काय पाहणार? मग पुण्यात वा हैदराबादेत स्थायिक झालेला भाऊ कोणती शेती पाहतो? त्याचे शेत बटाईने चालते, पण त्याचे नाव पहाणीतून कोणी कमी करीत नाही. लग्नात हुंडा दिला, तोच तिचा वाटा, असेही म्हणतात. हुंडा १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे. शिवाय तो दिला गेला सासरच्यांना. तिच्या हाती काय आले? आणि आईबापांच्या सांभाळाची जबाबदारी १९५६ च्या पोटगी कायद्याने मुलाप्रमाणे मुलीवरही टाकली आहे. कर्तव्यात ती अपत्य आणि हक्कात परकी, हा हिशेब कोणत्या जमाखर्चात बसतो?

कायद्याची स्थिती निःसंदिग्ध आहे. कर्नाटकाने ३० जुलै १९९४ पासून मुलीला सहदायाद केले, महाराष्ट्राने त्याच वर्षी केले. मात्र दोन्ही राज्यांनी तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने ती अटही गेली. त्या दिवशी वडील हयात असावे लागतात काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटविला: हक्क जन्माने आहे, वडील हयात असोत वा नसोत. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी तेवढी अबाधित आहे. 'तोंडी वाटणी आधीच झाली होती' हे सांगणे न्यायालय सहजी मानीत नाही. म्हणूनच हक्कसोडपत्रासाठी इतकी घाई असते. कायद्याने दिलेले काढून घेण्याचा तोच एक सोयीचा मार्ग उरला आहे.

'बहिणींनी मायेने सोडले' असे यावर उत्तर येईल. काहींनी तसे सोडलेही असेल. परंतु नोंदच न झालेल्या वाट्याचा त्याग हा त्याग कसा? माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीला माया म्हणणे हा मायेचा अपमान होय. सरकारी सेवेत असंख्य दस्त आमच्या नजरेखालून गेले. त्यांत एका भावाने दुसऱ्या भावाला मायेने वाटा सोडल्याची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच होती. माया एकाच बाजूने वाहते, तेव्हा उतार कोणी केला हे तपासावे लागते.

आमची मागणी मोठी नाही. वडिलांच्या पश्चात वारस म्हणून मुलींची नावे मुलांबरोबरच पहाणीस लागावीत. दस्ताचा मजकूर तिला समजेल अशा मराठीत तिच्या विश्वासातील माणसाने वाचून दाखवावा. त्यानंतर वर्षभराने तिला वाटले, तर तिने आपला वाटा भावाला खुशाल द्यावा. तेव्हा तो दान ठरेल आणि भावानेही तो दान म्हणून मान खाली घालून घ्यावा. भाषेवर अन्याय होतो म्हणून आपण मराठी घराणी अर्जविनंत्या करीत आलो. परक्या लिपीतील कागदावर आपल्याच बहिणीची सही घेणाऱ्याला ती तक्रार करण्याचा अधिकार उरतो काय, याचे उत्तर प्रत्येक घराने आपल्या दप्तरात शोधावे.