पोरगा इंजिनियर झाला, आता पुढं काय? एमटेक की नोकरी, शेतकऱ्याच्या अंगणातला हिशेब

खरिपाचा पेरा आणि इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाचा निकाल हे दोन्ही आपल्या वऱ्हाडात पुढंमागं एकाच सुमारास येतात. ज्या घरी दोन्ही गोष्टी असतात त्या घरी जून-जुलैत झोप कमीच लागते. दर्यापूर तालुक्यातले एक पाच एकरवाले शेतकरी बाजाराच्या दिवशी भेटले. बियाण्याची थैली खांद्यावर होती, पण बोलणं पोराचं. म्हणाले, "भाऊ, थो म्हणते दोन वर्स अजून शिकतो, एमटेक करतो. मी म्हणतो चार वर्स शिकला, आता कमव. कोणाचं बरोबर हाय सांगा."

सांगणं सोपं नाही. पण हा प्रश्न आता दर दोन-चार गावांमागे एका घरात उभा आहे, म्हणून त्याचा नीट हिशेब मांडला पाहिजे.

आधी हे दिवस कसे आले ते पाहू. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ सालचं. त्या काळी तिथून बाहेर पडलेला इंजिनियर सरळ पाटबंधारे, बांधकाम किंवा वीज मंडळात लागायचा. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी शेगाव, बडनेरा, अकोला, पुसद इथं अभियांत्रिकी कॉलेजं निघाली. कास्तकाराच्या पोराला पुण्या-मुंबईला न जाता इंजिनियर होता येऊ लागलं. हे मोठंच काम झालं. पण पदव्या वाढल्या त्या मानानं आपल्या भागात कारखाने वाढले नाहीत. पारसचं वीज केंद्र, नांदगाव पेठची औद्योगिक वसाहत आणि अकोल्याची एमआयडीसी सोडली तर मोठा रोजगार कुठं आहे? नांदगाव पेठच्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं. त्याचा फायदा होईल तेव्हा होईल, आज निकाल लागलेल्या पोरानं त्याच्या भरवशावर बसू नये.

हिशेब कापसाच्या क्विंटलमध्ये

पैशाचा आकडा कागदावर लहान दिसतो. तोच कापसात मोजला की खरा कळतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरा. पाच एकरवाल्याचा वर्षाचा कापूस पंचवीस क्विंटल झाला.

आता एमटेकचे दोन रस्ते आहेत. एक गेट परीक्षा देऊन, दुसरा गेटशिवाय. गेट पात्र होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. दोन वर्षांचे झाले २ लाख ९७ हजार ६०० रुपये, म्हणजे छत्तीस-सदतीस क्विंटल कापूस. यात पोराचा राहण्या-जेवणाचा खर्च निघतो आणि आयआयटी-एनआयटीसारख्या संस्थेत असला तर घरावर भार फार पडत नाही. सुरुवातीचे काही महिने मात्र विद्यावेतन हाती येईपर्यंत घरून सोय करावी लागते.

गेट नसेल तर विद्यावेतन नाही. समजा वर्षाला एक लाख फी आणि महिन्याला आठ हजार खर्च धरला, तर दोन वर्षांचे ३ लाख ९२ हजार होतात. हे झाले अठ्ठेचाळीस क्विंटल. पाच एकरवाल्याचे जवळपास दोन पूर्ण हंगाम, तेही बियाणं, खत, फवारणी, वेचाई काहीच वजा न करता. आणि हमीभाव मिळाला तर! ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ झालं, तेव्हा बाजारात काय भाव निघाले ते ज्यानं माल विकला त्याला विचारा.

नोकरीचाही हिशेब असाच उघडा मांडू. पुण्यातल्या आयटी कंपनीत नव्या पोराला वर्षाला तीन-साडेतीन लाखांचं पॅकेज सांगतात. गावात त्याचे पेढे वाटले जातात. पण हातात येतात महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास, त्यातून खोली, मेस, गाडीभाडं गेलं की आठ-दहा हजार उरले तर पुष्कळ. म्हणजे एमटेकला गेलेला पोरगा दोन वर्षांत या दोन-सव्वादोन लाखांच्या बचतीला मुकतो. ही रक्कम कोणी फीच्या पावतीत दाखवत नाही, पण ती खर्चातच धरली पाहिजे.

मंदी आली म्हणून शिकणं

दर मंदीत एमटेकची ओढ वाढते. कॅम्पसला कंपनी आली नाही, की पोरगं म्हणते पुढं शिकतो. २००८-०९ च्या जागतिक मंदीत हे आपण पाहिलं. २०२३-२४ मध्ये टीसीएस, इन्फोसिस, विप्रो या तिन्ही मोठ्या कंपन्यांची एकूण कर्मचारीसंख्या घटली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे बारा हजार लोक कमी करणार असल्याचं सांगितलं. अशा वेळी पोराला दोष देऊन उपयोग नाही.

पण पाऊस लांबला म्हणून पेरणी आठ दिवस पुढं ढकलणं वेगळं, आणि बियाणं नाही म्हणून वावर पडीत ठेवणं वेगळं. ज्याला विषयाची ओढ आहे, काय शिकायचं आणि कशासाठी हे ज्याला सांगता येतं, त्याची दोन वर्षं वाया जात नाहीत. नोकरी नाही म्हणून मिळेल त्या कॉलेजात मिळेल ती शाखा घेणारा दोन वर्षांनी त्याच बाजारात उभा राहतो, फक्त वय दोन वर्षांनी वाढलेलं असतं. मग त्याच्यापेक्षा दोन वर्षं अनुभव घेतलेला बीई कंपनीला बरा वाटतो. संगणकाच्या कामात तर हे फारच दिसतं.

एमटेकचा उपयोग कुठं होतो तेही सांगितलं पाहिजे. पूल-इमारतींचं डिझाइन, विजेची यंत्रणा, चिप, संशोधन संस्था, अशा ठिकाणी पदव्युत्तर शिक्षणाला वजन आहे. इंजिनियरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला एमई किंवा एमटेक लागतंच. सातव्या आयोगात या पदाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. मात्र तेवढं वेतन सगळीकडं मिळतं असं समजू नका. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे हाल आपल्याच नात्यागोत्यात पाहायला मिळतात. "मास्तर होईन" एवढ्या भरवशावर वावर गहाण टाकू नये.

अकोल्याचं उदाहरण

पुढं शिकून काय होते, असं विचारणाऱ्यांनी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडं पाहावं. विद्यापीठ १९६९ चं, त्याचं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय त्यानंतर लगेचचं. तिथल्या संशोधनातून पीकेव्ही मिनी दाल मिल निघाली. आपली तूर व्यापाऱ्याला घालून डाळ दामदुप्पट भावात विकत आणायची, ही वऱ्हाडाची जुनी रीत. त्या छोट्या गिरणीनं गावात, बचत गटाच्या हातात डाळ तयार करण्याची सोय आली. ती काही एका रात्रीत झाली नाही, त्यामागं शिकलेल्या माणसांची वर्षं गेली.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा घ्या. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेली ही जमीन. खाली पाणी आहे, पण खारं. त्यानं ओलीत केलं तर जमीन बिघडते. तिथं शेततळं कसं, चर कसे, निचरा कसा, हे मृद व जलसंधारण अभियांत्रिकीचे प्रश्न आहेत. आपल्याच शिवारातला एखादा पोरगा यावर एमटेक करत असेल, तर त्याला घरच्यांनी अडवू नये. खरगपूरच्या आयआयटीत कृषी अभियांत्रिकीचा जुना विभाग आहे, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

तिसरा रस्ता आणि एक खड्डा

एमटेक की नोकरी, या भांडणात एक गोष्ट विसरली जाते. गेटचा गुण तीन वर्षं चालतो आणि ही परीक्षा तिसऱ्या वर्षापासूनच देता येते. म्हणजे पोरानं शेवटच्या वर्षाला गेट द्यावी, गुण खिशात ठेवावा, नोकरी मिळाली तर धरावी. वर्ष-दोन वर्षं काम करून पाहिल्यावर आपल्याला काय जमतं ते कळते. मग शिकायचं ठरलं तर तोच गुण कामी येतो आणि चार पैसेही गाठीला असतात. एनटीपीसी, पॉवरग्रिडसारख्या सरकारी कंपन्याही गेटवरून भरती करतात, पण त्या बहुधा त्याच वर्षीचा गुण मागतात. नोकरी नसेल तर शिकाऊ उमेदवारी आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधर शिकाऊला महिन्याला किमान ९,००० रुपये ठरले. रक्कम लहान, पण कारखान्यातला एक वर्षाचा अनुभव लहान नाही.

खड्डा आहे तो स्पर्धा परीक्षेचा. अमरावती-अकोल्याच्या अभ्यासिकांत चार-चार, पाच-पाच वर्षं बसलेले इंजिनियर आहेत. मेहनत त्यांची खरी, पण भरती त्यांच्या हातात नाही. २०२४ मध्ये मृद व जलसंधारण विभागाच्या ६७० पदांची परीक्षा अमरावतीतल्या एका केंद्रावरच्या गैरप्रकारानंतर रद्द झाली आणि पुन्हा घ्यावी लागली. ज्यानं खरा अभ्यास केला त्याचेही महिने गेले. म्हणून परीक्षा द्यायची तर दोन प्रयत्न, फार तर तीन, अशी मुदत बाप-लेकानं आधीच ठरवावी आणि पाळावी.

काही घरांत आता अमेरिकेत एमएस करण्याची गोष्ट निघते. त्यासाठी वावर विकणारे कमी नाहीत. त्यांनी २०२५ सालचा अनुभव लक्षात ठेवावा. सप्टेंबरात अमेरिकेनं नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. तिथं शिकत असलेल्यांना ते लागणार नाही असा खुलासा ऑक्टोबरात आला. महिन्याभरात असे हेलकावे बसतात, आणि विकलेलं वावर परत मिळत नाही.

मुलीचं काय?

पोराची चर्चा घरोघर होते, पोरीची होत नाही. "लग्न जमेपर्यंत शिकू दे" म्हणून एमटेकला घालायचं, किंवा पुण्याची नोकरी लागली तरी "एकटी कशी राहीन" म्हणून पाठवायचं नाही, या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. जो हिशेब पोराला तोच पोरीला. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकारनं माफ केली आहे. प्रवेश मात्र सरकारी प्रवेश फेरीतून पाहिजे, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे.

तलाठी, ग्रामसेवक, सरपंच यांना

यात गावकारभाऱ्यांचंही काम आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक संस्थांत प्रवेश घेतलेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात तीन टक्के सवलत, असं तिचं स्वरूप आहे. आपलं कॉलेज त्या यादीत आहे काय हे आधी पाहावं. कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, पण व्याज त्याआधीही चढतं, हे बँकेत विचारून घ्यावं.

या सगळ्याला उत्पन्नाचा दाखला, अल्पभूधारक दाखला, नॉन क्रिमिलेअर, जात वैधता लागते. तलाठ्याचा अहवाल आठ दिवस लांबला की प्रवेशाची फेरी निघून जाते. उन्हाळ्यातच गावातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची यादी ग्रामपंचायतीनं केली आणि दाखल्यांचे अर्ज मे महिन्यात घालून घेतले, तर कोणत्याही योजनेइतकंच मोठं काम होईल.

दर्यापूरच्या त्या शेतकऱ्यांना आम्ही एवढंच विचारलं, "पोरानं गेट दिली का?" ते म्हणाले, "देल्ली नाही. आता पुढच्या साली देतो म्हणते." मग उत्तर सरळ होतं. यंदा मिळेल ती नोकरी किंवा शिकाऊ उमेदवारी धरावी. गेटचे अर्ज बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. रात्री अभ्यास करून गुण आणला तर पुढच्या जूनमध्ये विद्यावेतनावर शिकायला जावं, नाही आणला तर हातची नोकरी आहेच.

थैली उचलताना ते म्हणाले, "म्हंजे वावराले हात लावाचा नाही." नाही लावायचा. ज्या शिक्षणासाठी सरकार विद्यावेतन देतं, ते वावर मोडून विकत घेण्याची गरज नाही.