वाडीचा रकाना

एप्रिल संपत आला की रत्नागिरीत बोलायला विषय दोनच उरतात, उकाडा आणि आंबा. त्यामुळे आज, 27 एप्रिलला, ‘जागतिक डिझाइन दिन’ असतो हे इथे कुणाच्या गावीही नसते. 1963 साली याच तारखेला लंडनमध्ये ग्राफिक डिझायनरांच्या संघटनांची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली, त्याची ही आठवण. सरकारी मराठीत डिझाइनला ‘अभिकल्प’, ‘संकल्पन’ असे शब्द आहेत, पण ते उच्चारणारा माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे. डिझाइन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो साडीचा काठ, नाहीतर लग्नपत्रिकेवरचा गणपती. दिवस आंब्याच्या काढणीत येतो हे मात्र बरे आहे. या शब्दाचा खरा अर्थ समजायला कलमाखाली जाऊन उभे राहावे.

गड्याच्या हातात झेला असतो. लांब काठी, तिच्या टोकाला कडे, कड्याला जाळी. जुन्या झेल्याने आंबा अडकवून ओढला की देठ मुळाशी तुटायचा. तिथून चीक सालीवर ओघळायचा, साल काळी पडायची आणि आढीत ठेवल्यावर फळ देठाकडून कुजायला लागायचे. गड्याचा दोष नव्हता. तो ओढत होता, कारण हातातले हत्यार ओढण्याचेच होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘नूतन झेला’ काढला, त्यात कड्याच्या तोंडाशी पाते बसवले. आता देठ ओढला जात नाही, कापला जातो. फळ बोटाच्या पेराएवढा देठ घेऊन अलगद जाळीत उतरते. एवढासा बदल, पण तो करणाऱ्याने झाडाखाली उभे राहून वर पाहिले असणार, मान दुखेपर्यंत. खोलीत बसून कागदावर हे सुचत नाही.

याच्या उलट उदाहरणासाठी फार लांब जावे लागले नाही. मध्यंतरी एका दाखल्यासाठी आम्ही एका कार्यालयाचा अर्ज भरत होतो. पत्त्याच्या जागी रकाने होते ते असे : फ्लॅट क्रमांक, इमारतीचे नाव, रस्ता, गाव. शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या घराला क्रमांक होता, पण इमारतीला नाव नव्हते आणि रस्ता घरापर्यंत जात नव्हता. त्यांनी विचारले, “वाडी खंय लिवायची?” वाडीला रकानाच नव्हता. कोकणातले गाव म्हणजे डोंगरउतारावर पसरलेल्या वाड्या. वाडी ठाऊक नसेल तर पोस्टमनलाही घर सापडत नाही. अर्ज छापला तो वाडी न पाहिलेल्या माणसाने, आणि खोळंबा झाला तो वाडीत राहणाऱ्या बाईचा. शेवटी त्यांनी ‘रस्ता’ खोडून वर वाडीचे नाव लिहिले. त्या दिवशी त्या कार्यालयात डिझाइन काय ते त्यांनीच केले.

लिहिलेले माणसापर्यंत कसे पोहोचावे, ही चिंता या गावाला नवी नाही. इथे जन्मलेल्या लोकमान्यांनी देवनागरीच्या छपाईतले शेकडो खिळे कमी कसे करता येतील यात डोके घातले होते. त्यांची संपादक म्हणून ओळख सांगताना हा भाग आपण गाळतो. पुढे रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत, 1924 ते 1937 या काळात, सावरकरांनी लिपिशुद्धीचा आग्रह धरला. ‘इ’, ‘उ’ ऐवजी ‘अि’, ‘अु’ लिहिणारी ‘अ’ची बाराखडी हा त्याचाच भाग. ती बाराखडी टिकली नाही, आणि आता मोबाइलवर वाटेल ते जोडाक्षर उमटते, म्हणून तिची गरजही उरली नाही. आम्हाला तर ती दिसायलाही कधी आवडली नाही. पण खिळे जुळवणाऱ्याचा हात कुठे अडतो याचा विचार या दोघांनी केला होता. अर्ज छापणाऱ्यांनी तेवढा तरी करावा.

आता शाळेकडे वळू, कारण पाहण्याची ही सवय तिथेच लागते किंवा मोडते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे, पण तो सहावी ते आठवीच्या वर्गांत, आणि पट शंभरावर असेल तरच. आमच्या वाडीवरच्या शाळेत पहिली ते चौथी किंवा पाचवी, मुले पंधरा-वीस, शिक्षक दोन आणि बऱ्याचदा वर्ग एकाच खोलीत. त्या शाळेला कलेचा माणूस मिळणे कायद्यातच नाही. म्हणजे इथेही वाडीला रकाना नाही. चित्रकलेचा तास वेळापत्रकावर असतो आणि गणिताच्या सरावात जातो. मोठ्या शाळांत चित्रकलेला किंमत आहे, पण ती गुणांच्या भावाने : इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली तर दहावीला 7 वाढीव गुण, ‘ब’ला 5, ‘क’ला 3. दहावी झाली की रंगपेटी माळ्यावर.

आणि या जिल्ह्याच्या जमिनीवर तर चित्रेच चित्रे आहेत. सड्यावरच्या जांभ्या कातळात हत्ती, गेंडे, मासे, माणसे खोदलेली. त्यांच्या वयाबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहे, पण ती प्रागैतिहासिक काळापर्यंत मागे जातात असे मानतात. काही गावांत त्यांना पांडवांची चित्रे म्हणत आणि गुरे घेऊन बाजूने जात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई ही मंडळी 2012 पासून गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून ती शोधू लागली. 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत जी नऊ ठिकाणे गेली त्यांतली सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात आहेत : उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे.

उक्षीला जाऊन पाहावे. कातळात खोदलेला हत्ती जमिनीवरून नीट दिसत नाही. रेघांवर पाय पडतो आणि पाहणारा विचारतो, हत्ती कुठे आहे? गावाने भोवती जांभ्याचा गडगा घातला आणि उंचावरून पाहण्याची सोय केली. पाहणारा थोडा वर गेला, त्याचे पाय रेघांवरून हटले आणि हत्ती आपोआप दिसला. महागडा फलक नाही, दिव्यांची आरास नाही. राखणही झाली आणि दाखवणेही. झेल्याच्या पात्याइतकेच हे साधे आणि नेमके काम आहे.

मुलांना शिकवायला याहून चांगला फळा कोणता? कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरले आहेत. सुंभाने तो मोजायचा, चौकटी आखून वहीत लहान करायचा, मग शाळेच्या अंगणात रांगोळीने पुन्हा मोठा करायचा : भूमिती, प्रमाण आणि चित्रकला एका सकाळीत. गेंडा कोकणात कुठून आला, हे विचारले की इतिहास सुरू झाला. देवाच्या गोठण्याला होकायंत्र नेले तर सुई भरकटते, म्हणजे विज्ञानही आले. असे प्रयोग करणारे शिक्षक जिल्ह्यात आहेत. ते स्वतःच्या हौसेने आणि पदरमोडीने करतात आणि बदली झाली की प्रयोगही त्यांच्याबरोबर जातो.

माणसे नाहीत असेही म्हणता येणार नाही. देवरुखला ‘डी-कॅड’ हे कला आणि डिझाइनचे महाविद्यालय आहे, चिपळूणजवळ सावर्ड्याला सह्याद्री शिक्षण संस्थेचे कला महाविद्यालय आहे. एका जिल्ह्यात, तेही मोठ्या शहराबाहेर, अशा दोन संस्था असणे ही साधी गोष्ट नव्हे. तिथून शिकून निघालेली मुले पोटासाठी मुंबई-पुण्याची गाडी धरतात आणि इकडे वाडीवरच्या मुलांनी जिवंत चित्रकार पाहिलेला नसतो. प्रत्येक शाळेला कलाशिक्षक देणे परवडणार नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक फिरता कलाशिक्षक दिला, त्याने आठवड्यातून एक दिवस एका शाळेत घालवला, तर ते जिल्हा परिषदेच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी पटाची अट मध्ये आणू नये. त्या शिक्षकाने मुलांकडून आधी आपल्या वाडीचा नकाशा काढून घ्यावा आणि तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. पुढचा अर्ज छापण्याआधी संबंधितांनी तो येऊन पाहावा.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील. आजपासून सात आठवडे आहेत. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने आणि या दोन महाविद्यालयांनी तेवढ्यात एकदा एकत्र बसावे. आंबा चालू आहे तोवर बसले तर चहाबरोबर फोडीही मिळतील.