दोष शोधण्याची विद्या

यंत्र बिघडले की कोणी ते अडगळीत टाकतो, तर कोणी त्याचे एकामागून एक भाग बदलत सुटतो. माझ्या मते हे दोन्ही मार्ग विचाराचा कंटाळा करणाऱ्यांचे आहेत. दोष नेमका कोठे आहे हे आधी शोधावे आणि मगच हत्यार हाती घ्यावे.

एका जुन्या संगणकाचे उदाहरण घेऊ. शाळांतून संगणकाची ओळख व्हावी म्हणून १९८४ साली भारत सरकारने ‘क्लास’ ही योजना सुरू केली. तीत ‘बीबीसी मायक्रो’ हा ब्रिटिश बनावटीचा संगणक वापरला गेला. तो चालू करताच प्रथम खालचा व लगेच वरचा असे दोन अल्प सूर उमटतात. तो बिघडला असता पुष्कळदा पहिला सूर थांबतच नाही. अजाण माणूस अशा वेळी कानांवर हात ठेवील. जाणता मात्र कान देईल. वीज पोहोचत आहे आणि आवाज काढणारी चिप शाबूत आहे, एवढे तो सूरच सांगतो. त्याला थांबविण्याची आज्ञा मुख्य प्रोसेसरकडून यावयाची असते. ती आलेली नसते. शोधाचे क्षेत्र असे आपोआप आटोपशीर होते.

मग मल्टिमीटरने पाहावे, बोर्डाला पुरते पाच व्होल्ट मिळतात काय? नंतर वीज तोडून, खोबणीतल्या चिपा एकेक करून काढाव्यात व नीट बसवाव्यात. पायांवर साचलेला मळ निघताच कित्येकदा यंत्र बोलू लागते. सुटलेला डाख असेल तर तो पुन्हा द्यावा. मात्र एका वेळी एकच बदल करावा. नाहीतर ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी गत होते. वीजपुरवठ्याची पेटी तर जाणकाराशिवाय उघडूच नये. वीज तोडल्यावरही तिच्यातील कपॅसिटरात घातक भार उरलेला असू शकतो.

कोणी विचारील, हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारच्या मुलांना या कालबाह्य यंत्राशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे. आजच्या मोबाइलचे अंतरंग इतके सूक्ष्म असते की नवशिक्याला त्यातले काही उमगत नाही. जुन्या बोर्डावर प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, बोटाने दाखविता येतो. आणि असाच बोर्ड आज कित्येक पंपांच्या पॅनेलमध्येही असतो. हळदीला पाणी देण्याच्या दिवसांत तो बंद पडला, तर पीक कारागिराची वाट पाहत थांबत नाही.

१९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला. तो आपल्याच अभियंत्यांनी घडविला होता. यंत्र घडविणाऱ्याला त्याचे दोषही शोधावे लागतात. म्हणून प्रत्येक शाळेने एखादे निकामी यंत्र भंगारात न देता मुलांपुढे ठेवावे. ते दुरुस्त होवो वा न होवो, त्याच्यापाशी बसून मुले कारण शोधावयास शिकतील. जो देश केवळ यंत्रे विकत घेतो, तो ती बिघडताच परावलंबी होतो.