भंडारदऱ्याचा 'बीच' दरवर्षी पाण्याखाली जातो, मग तो नेमका कुणाचा?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की इन्स्टाग्रामवर दोन प्रकारचे रील सुरू होतात. एक मालदीव, अंदमान, थायलंडचे. दुसरे 'एवढ्या लांब कशाला जाताय?' म्हणणारे. या दुसऱ्या प्रकारात अकोले तालुक्यातलं भंडारदरा हमखास असतं. निळं पाणी, काठावर रंगीत तंबू, शेकोटी, मागे रतनगड. खाली हॅशटॅगमध्ये 'बीच कॅम्पिंग'.

आता अकोल्यात समुद्र नाही, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. अहिल्यानगर जिल्ह्याला किनाराच नाही. सह्याद्रीची धार ओलांडून कोकणात उतरल्याशिवाय खारं पाणी दिसत नाही. तरीही लोकांना तिथं 'बीच' दिसतो, आणि तो अगदीच खोटा नसतो. तो कसा तयार होतो हे कळलं, की भंडारदऱ्याच्या पर्यटनातली निम्मी भांडणं आपोआप समजतात.

हा किनारा येतो कुठून?

प्रवरा नदीवरचं भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. काम 1910 मध्ये सुरू झालं होतं. धरणाला नाव मिळालं विल्सन डॅम, मागच्या जलाशयाला ऑर्थर लेक. क्षमता 11 टीएमसी. घाटघर, रतनवाडीकडे खूप जोरदार पाऊस पडतो, त्यामुळे धरण साधारण 15 ऑगस्टच्या आसपास भरावं अशी सगळ्यांचीच अपेक्षा असते.

धरण भरलं की पाणी थेट झाडांच्या बुंध्यापर्यंत येतं. तेव्हा किनारा वगैरे काही नसतो. पुढे शेतीसाठी आवर्तनं सुटतात, पाणी उतरतं आणि मातीचा उघडा पट्टा वर येतो. मे महिन्यापर्यंत तो चांगलाच रुंद होतो. रीलमध्ये दिसणारा 'बीच' म्हणजे हा पट्टा, सरकारी भाषेत बुडीत क्षेत्र. पाणी जसं खाली सरकतं तसे तंबूही खाली सरकतात, आणि पावसाळ्यात ही जागा पुन्हा पाण्याखाली जाते.

म्हणजे किनारा किती रुंद असेल हे शेंडीत किंवा मुरशेतमध्ये ठरत नाही. ते खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या उसाला पाणी कधी लागतं यावर ठरतं. प्रवरेच्या कालव्यांवरच या भागातली साखर कारखानदारी उभी राहिली. मध्ये निळवंडे धरण आहे, सव्वाआठ टीएमसीचं, ज्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण ऑक्टोबर 2023 मध्ये झालं. त्याच्याही पुढे थेट मराठवाडा. समन्यायी पाणीवाटपाच्या सूत्रानुसार 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. 2023 मध्ये तसंच झालं. एकूण 8.6 टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला आणि त्यातला 3.36 टीएमसी वाटा प्रवरा समूहाचा होता.

पर्यटकाला हे काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो अम्ब्रेला फॉल. गंमत म्हणजे तोही धरणातून पाणी सोडलं की खडकावर छत्रीसारखा पसरतो. व्हॉल्व्ह बंद झाला की धबधबाही बंद.

मग जागा कुणाची?

धरणासाठी जमीन गेली ती इथल्या आदिवासींची, मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची. पाणी खाली गेलं, शेती खालची पिकली. इथं राहिला पावसाळ्यातला भात, हिरडा गोळा करणं आणि भात निघाला की मजुरीसाठी नारायणगाव, संगमनेरकडे जाणं. ज्यांच्या डोळ्यासमोर 11 टीएमसी पाणी आहे, त्यांच्या वाड्यांवर उन्हाळ्यात बायकांना हंडे घेऊन चालावं लागतं. धरणांच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांची ही जुनीच कथा आहे.

म्हणून तंबूंकडे फक्त 'पर्यटकांचा धुडगूस' म्हणून बघणं सोपं आहे, पण अर्धवट आहे. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, रतनवाडीच्या पोरांसाठी शनिवार-रविवार हा गावातच मिळणारा रोजगार आहे. कुणी तंबू लावतं, कुणी गाडी लावायला जागा देतं, कुणी शेंडीहून रतनवाडीला होडीने लोक नेतं, आणि घरातल्या बायका पिठलं-भाकरी करतात. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा हंगाम असतो, तेव्हा तर गर्दी आवरत नाही. प्रश्न इतकाच की या पैशातला किती गावात राहतो आणि किती मुंबई-पुण्यात बसून ऑनलाइन बुकिंग घेणाऱ्याकडे जातो.

त्यात दोन सरकारी खाती. पाणी आणि बुडीत जमीन जलसंपदाची. भोवतालचं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, 1986 पासून वनखात्याच्या ताब्यात. काजव्यांच्या झाडाखाली टॉर्च मारली, गाडीचे दिवे लावले की नर-मादीचा प्रकाशाचा संवाद तुटतो, म्हणून तिथं निर्बंध येतात आणि ते रास्तच आहेत. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. त्यात नोंदणी, प्रशिक्षित माणसं, सुरक्षा साहित्य हे सगळं आहे. पण चार तंबू घेऊन धंदा सुरू करणाऱ्या पोराला नोंदणी, जागेची परवानगी आणि वनखात्याचे नियम या तिन्ही गोष्टी एकट्याने जुळवायच्या असतात. मोठ्या रिसॉर्टला हे जमतं. सरसकट कारवाई झाली तर पहिला उठतो तो गावातला तंबू.

पण पाणी समुद्रासारखं वागत नाही

'बीच' या शब्दाचा सगळ्यात मोठा धोका इथं आहे. समुद्रकिनाऱ्याला लोक पाण्यात उतरतात, तसंच इथंही उतरतात. पण धरणाचा काठ वाळूचा नसतो. खाली गाळ असतो, जुने बांध असतात, मूळ नदीचं पात्र असतं. गुडघाभर पाण्यातून पुढच्या पावलाला डोक्यावरून पाणी जाऊ शकतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्याने शरीर तरंगतंही थोडं कमी. गोव्याच्या किनाऱ्यांवर 2008 पासून पगारी जीवरक्षकांची व्यवस्था आहे. धरणाच्या काठावर तशी व्यवस्था नाही, तिथं भिस्त असते गावातल्या पोहणाऱ्या पोरांवर.

हे पाणी काय करू शकतं हे अकोल्याने मे 2024 मध्ये पाहिलंय. धरणाच्या बरंच खाली, सुगावजवळ प्रवरेत पोहायला गेलेले दोन तरुण बुडाले. दुसऱ्या दिवशी शोध घ्यायला आलेल्या एसडीआरएफची बोटच भोवऱ्यात उलटली आणि तीन जवानांचा जीव गेला. प्रशिक्षण घेतलेली माणसं होती ती. त्याच आठवड्यात उजनी धरणात कळाशी-कुगाव मार्गावरची बोट वादळात उलटून सहा जण दगावले. डिसेंबर 2024 मध्ये घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा कुठे राज्यभर लाइफ जॅकेटची चर्चा झाली.

त्यामुळे यंदा भंडारदऱ्याला जाणार असाल, तर बुकिंग करताना तीन प्रश्न विचारा. तंबू कुणाच्या जागेत आहेत? होडीत प्रत्येकासाठी जॅकेट आहे का? जेवण कुणाच्या घरातून येतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'आमच्या आईच्या' असं आलं, तर पैसे गावात राहण्याची शक्यता बरीच आहे. आणि जूनमध्ये जोराचा पाऊस सुरू झाला की पाण्याच्या अगदी कडेला लावलेला तंबू आधी वर घ्यायला सांगा, कारण रात्रीतून पाणी चढतं.