तारीख उलटली, आता निर्णय कुणाचा?

सवला गरम पाण्याची कुंडं आहेत हे महाड-पोलादपूरमध्ये कुणाला सांगायला नको. अंगावरचे रोग जातील म्हणून लांबलांबून माणसं तिथं आंघोळीला येतात. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या नात्यातल्या एका वहिनीची डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून आठ दिवस झाले, तेव्हा त्या कुंडाचंही नाव निघालं. काकी म्हणाली, एरंडेल पाजा. शेजारची म्हणाली, सवच्या पाण्यानं आंघोळ घाला, कळा सुटतील. सासरे म्हणाले, अमावस्या तेवढी जाऊ द्या. आणि दवाखान्यात सांगितलं, "उद्या अ‍ॅडमिट करा, कळा आणायच्या आहेत, इथं सही करा." सही नवऱ्यानं केली.

मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. पण महिन्याभरानं वहिनी जे बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाही: "भावोजी, मला नेमकं काय दिलं ते मला अजून ठाऊक नाही. विचारलं तर सिस्टर म्हणाली, तुला काय करायचंय?"

तिलाच तर करायचं होतं! पोट तिचं, बाळ तिचं, कळा तिच्या.

आधी आपल्या घराचंच बोलतो, कारण दुसऱ्याकडं बोट दाखवणं सोपं असतं. भिंतीवर बाबासाहेब, बाजूला तथागत, आणि सून अडलेली असताना डोक्यात अमावस्या! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पंचांग कुठल्या दारानं आत आलं? शहरातले पैसेवाले भटजीला विचारून मुहूर्तावर सिझर करून घेतात, त्यावर आपण फेसबुकवर हसतो. मुहूर्त साधून पोट फाडणं आणि अमावस्या टळावी म्हणून बाळाला पोटात ठेवणं, ही एकाच नाण्याची दोन तोंडं आहेत. दोन्हीकडं पत्रा बघणारा पुरुष आहे आणि बाई गप्प आहे.

आता 'तारीख' म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे, ही अपेक्षित तारीख. आपल्या आज्या म्हणायच्या नऊ महिने नऊ दिवस, डॉक्टर धरतात नऊ महिने सात दिवस. फरक फार नाही. नेमकी त्याच दिवशी जन्मणारी बाळं फार थोडी. चार दिवस मागंपुढं होणं हा आजार नाही. 41 आठवडे पूर्ण झाले की मात्र लक्ष घालावं लागतं, आणि 42 च्या पुढं धोका स्पष्ट वाढतो. वार थकते, गर्भजल कमी होऊ शकतं, बाळ पोटातच शी करून गुदमरू शकतं. म्हणून 41 आठवडे नक्की झाले असतील तर कळा आणाव्यात आणि त्याआधी, बाकी सगळं ठीक असेल तर, आणू नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2018 ची शिफारस आहे.

यातला 'नक्की' हा शब्द महत्त्वाचा. आमच्या वहिनीच्या कार्डावर पाळीची तारीख अंदाजानं लिहिलेली. आशाताईनं विचारलं, गणपतीच्या आधी का नंतर? (बौद्ध घरात गणपती बसत नाही, पण गावाचं कॅलेंडर तेच.) पहिली सोनोग्राफी झाली सातव्या महिन्यात. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची लांबी मोजली तर तारीख पाच-सात दिवसांच्या फरकानं कळते. सातव्या महिन्यात हाच अंदाज दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकतो. त्यात जिची पाळीच पस्तीस-चाळीस दिवसांनी येते, तिची पाळीवरून काढलेली तारीख मुळातच अलीकडची निघते. म्हणजे त्या दिवशी वहिनी 41 आठवड्यांची होती की 39 ची, हे घरात, दवाखान्यात कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. वीटभट्टीवरून पावसाआधी परतणाऱ्या कातकरी बाईचं काय होत असेल याचा विचार करा. तिचं कार्ड एका तालुक्यात, पोट दुसऱ्या तालुक्यात.

मित्रांनो, ज्याच्याकडं नोंद नाही त्याच्या वतीनं दुसराच कुणीतरी बोलतो. सातबारा असो, जातीचा दाखला असो, की पाळीची तारीख.

कळा आणण्याला विरोध करणाऱ्यांचे दोन गट भेटतात. एक म्हणतो, आमच्या आज्यांनी शेताच्या बांधावर पोरं जन्माला घातली, निसर्गावर सोडा. माफ करा, पण त्या आज्यांना किती मुलं झाली आणि किती जगली हेही सांगा. माता रमाईंची पाच लेकरं, त्यातली चार गेली. एकटे यशवंत राहिले. ती लेकरं तारीख उलटून गेली असं मी म्हणत नाही, ती जन्मानंतर गेली, दारिद्र्यात गेली. पण जुन्या बाळंतपणाची गोडवी गाणाऱ्यानं रमाईच्या डोळ्यांत बघून ती गावीत. शेताच्या बांधावर बाळंत होणं ही आपल्या बायकांची आवड नव्हती. त्यांना सुट्टी नव्हती.

दुसऱ्या गटाची भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. ते म्हणतात, कळांचं इंजेक्शन दिलं की शेवटी सिझरच होतं, आणि बिल वाढतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खासगी दवाखान्यातल्या शंभर बाळंतपणांत 47 सिझर निघाली, सरकारीत 14. एवढी तफावत बायकांच्या हाडांमुळं पडत नाही. 'तारीख उलटली' हे वाक्य पोट फाडायचं निमित्त म्हणून वापरलं जातं, हे गावात कुणीही सांगेल. आणि घरी येऊन ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचणारे भोंदूही आहेत. ते औषध सलाईनमधून, थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत द्यायचं असतं, नाहीतर पिशवी फाटू शकते.

पण भीती आणि माहिती वेगळी ठेवू. स्वीडनमध्ये 2760 बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. अर्ध्यांना 41 आठवड्यांना कळा आणल्या, अर्ध्यांनी 42 पर्यंत वाट पाहिली. वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. सिझरचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. जगभरचे 34 अभ्यास एकत्र करून 2020 मध्ये जो आढावा निघाला त्याचा हिशेब असा की सुमारे साडेपाचशे बायकांना वेळेवर कळा आणल्या तर एक बाळ वाचतं. म्हणजे धोका डोंगराएवढा नाही, पण आहे. एखादी बाई म्हणेल मला तो नको, आजच कळा आणा. दुसरी म्हणेल, रोज बाळाची हालचाल मोजते, ठोके तपासून घेते, दोन दिवस थांबते. दोघींनाही तो हक्क आहे, पण आकडे समोर ठेवल्यावर. न सांगता घेतलेल्या सहीला संमती म्हणत नाहीत.

आणि हे ज्ञान परदेशी आहे असं कुणी म्हणू नये. आपल्या नागपुरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा स्त्री रुग्णालयात, 602 बायकांवर एक अभ्यास झाला, तो 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्या बायका बीपी वाढलेल्या होत्या, तारीख उलटलेल्या नव्हे. पण प्रश्न तोच होता, कळा कशानं आणायच्या? एका गटाला मिसोप्रोस्टॉलची 25 मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी तोंडावाटे, दुसऱ्याला फुग्याची नळी. चोवीस तासांत नैसर्गिक मार्गानं बाळंत झाल्या गोळीवाल्या शंभरात 57, फुग्यावाल्या 47. (आधी सिझर झालेल्या बाईला मात्र ही गोळी देत नाहीत, हे लक्षात ठेवा.) दीक्षाभूमीच्या गावात सरकारी दवाखान्यात कोणत्या घरातली बाई येते हे वेगळं सांगायला हवं का? तिच्या अंगावर तयार झालेलं ज्ञान साऱ्या जगाला मिळालं. सवच्या वहिनीला मात्र, तुला काय करायचंय!

बाबासाहेबांनी हा प्रश्न बायकांचा खासगी म्हणून सोडला नव्हता. 28 जुलै 1928 रोजी, म्हणजे मनुस्मृती दहनाला वर्ष व्हायच्या आत, ते मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूनं उभे राहिले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं यात राष्ट्राचं हित आहे आणि त्याचा भार सरकारनं उचलावा, हा त्यांचा मुद्दा होता. 1938 मध्ये त्यांच्या पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, तो सभागृहानं फेटाळला. बाईचं पोट हा राजकारणाचा विषय आहे हे त्यांना तेव्हा कळत होतं. आपल्या जयंतीच्या भाषणांत मात्र तळं येतं, बाळंतपणाची खोली येत नाही.

आपल्या भागात एक गोष्ट वेगळी आहे, ती मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांना कळत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला. 22 जुलै 2021 ला महाड बुडालं, तळीये डोंगराखाली गेलं, पोलादपूरच्या वाड्या तुटल्या. जुलैत जिची तारीख उलटते तिला "कळा आल्या की या" म्हणणं म्हणजे तिला पुरात ढकलणं. महाडहून माणगाव, नाहीतर थेट अलिबाग, शंभर किलोमीटरच्या आसपास. अशा वेळी नदी चढायच्या आधी ठरवून दवाखान्यात राहणं हा डरपोकपणा नाही, शहाणपण आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, सोनोग्राफी, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. कागदावर.

म्हणून कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे, यंदा 25 डिसेंबरला स्त्री मुक्ती दिनाचं व्याख्यान एखाद्या तासानं कमी करा. त्याऐवजी महाड आणि पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयांत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ आठवड्यातले किती दिवस असतात? पहिल्या तीन महिन्यांत किती बायकांची सोनोग्राफी झाली, आणि मोफत झाली का? 41 आठवडे झालेल्या बाईला किती वेळा पुढं पाठवलं, आणि कोणत्या गाडीनं? संमतीपत्र मराठीत आहे का, त्यावर बाईची सही असते की नवऱ्याची? रुग्ण कल्याण समितीवर कोण बसलंय तेही विचारा. आणि अर्ज टाकायला जाताना वस्तीतली एक तरी बाई सोबत न्या. आमची वहिनी यायला तयार आहे.

जयभीम.