विश्लेषण : कॉलेज हॉकीपटूंच्या प्रेमकथांना एवढा वाचक का?

मोठ्या शहरांतील पुस्तकांच्या दुकानांत इंग्रजी कादंबऱ्यांच्या टेबलावर हल्ली एक मुखपृष्ठ हमखास दिसते. स्केट्स घातलेला उंच तरुण, शेजारी एक तरुणी आणि कार्टूनसारखे चित्र. हॉकी म्हटले की आपल्याला मैदान आणि ध्यानचंद आठवतात. ही हॉकी मात्र बर्फावरची, अमेरिका-कॅनडातली आहे. तो खेळ कधीही न पाहिलेल्या लाखो वाचकांना या कथांनी ओढ लावली आहे. यामागचे कारण काय?

हा प्रकार नेमका काय आहे?

अमेरिकेतील काल्पनिक विद्यापीठ, तिथला आइस हॉकी संघ, संघातला एक खेळाडू आणि खेळाशी फारसे देणेघेणे नसलेली नायिका अशी ही साधारण मांडणी. कॅनडाच्या एल केनेडी यांची ‘द डील’ (२०१५) ही यातली सर्वात परिचित कादंबरी. संघाचा कर्णधार गॅरेट नीतिशास्त्राच्या परीक्षेत नापास होतो. गुण सुधारले नाहीत तर त्याला खेळता येणार नाही. हॅना त्याला शिकवते आणि बदल्यात, तिला आवडणाऱ्या मुलाला हेवा वाटावा म्हणून तो तिच्यासोबत फिरतो. पुढे काय होणार, हे वाचकाला पहिल्या प्रकरणापासून ठाऊक असते. उत्सुकता असते ती कसे होणार याची.

लोकप्रियता कशी वाढली?

हॉकीपटू नायक जुनाच आहे. रेचल गिब्सन यांची ‘सिम्प्ली इररेझिस्टिबल’ १९९८ची. पुढे ई-पुस्तकांमुळे लेखिकांना प्रकाशकाशिवाय थेट वाचकांपर्यंत जाता आले आणि करोनाकाळात टिकटॉकवरील ‘बुकटॉक’ने या कथांना मोठा वाचक मिळवून दिला. ब्रिटनच्या हॅना ग्रेस यांनी ‘आइसब्रेकर’ २०२२ मध्ये स्वतः प्रकाशित केली. ती गाजल्यावर मोठ्या प्रकाशन संस्थेने नव्याने बाजारात आणली. भारतात जून २०२० पासून टिकटॉकवर बंदी आहे, पण तीच शिफारस इन्स्टाग्रामच्या रील्समधून इथे पोहोचते. २०२४ मध्ये केनेडी यांच्या ‘ऑफ-कॅम्पस’ मालिकेवर वेबमालिका करण्याचे प्राइम व्हिडीओने जाहीर केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅनडात आलेल्या ‘हीटेड रायव्हलरी’ने तर हा विषय पुस्तके न वाचणाऱ्यांपर्यंतही नेला. ती रेचल रीड यांच्या कादंबरीवर आधारित आणि दोन व्यावसायिक हॉकीपटूंच्या प्रेमाची गोष्ट आहे.

हॉकीच का?

यात काही सोय लेखिकांची आहे. एका सामन्यासाठी वीसेक खेळाडू लागतात, म्हणजे एका पुस्तकातला मित्र पुढच्या पुस्तकाचा नायक होऊ शकतो. ‘ऑफ-कॅम्पस’च्या पहिल्या चार पुस्तकांत एकाच घरात राहणाऱ्या चार खेळाडूंच्या चार कथा आहेत. रिंक फिगर स्केटिंग करणाऱ्यांनाही लागते. त्यामुळे भांडण लावून द्यायला कारण शोधावे लागत नाही. ‘आइसब्रेकर’ची सुरुवात रिंक वाटून घ्यावी लागण्यातूनच होते.

पण मोठे कारण खेळाच्या स्वभावात आहे. अंगावर धडकणे हा आइस हॉकीच्या नियमांचाच भाग आहे. व्यावसायिक लीगमध्ये हाणामारी केल्यास सहसा पाच मिनिटे बाहेर बसावे लागते आणि नंतर पुन्हा खेळता येते. कॉलेज हॉकी याहून कडक आहे. तिथे मारामारी केल्यास सामन्यातून हकालपट्टी होते, पुढचा सामनाही हुकतो आणि खेळताना पूर्ण चेहरा झाकणारी जाळी लावावी लागते. थोडक्यात, बर्फावर दिसतो तो चेहरा नसलेला, वेगवान आणि आडदांड माणूस. जाळी काढल्यावर तो कसा असेल, या प्रश्नावर कादंबरी उभी राहते.

मग कॉलेजच का?

कॉलेजमध्ये वेळ मोजून मिळतो. चार वर्षे, एक मोसम, शेवटचे सत्र. व्यावसायिक संघ अठराव्या वर्षीच खेळाडूची निवड करून ठेवू शकतात आणि तो तरीही कॉलेजात शिकत राहतो. त्यामुळे नायकाचे भवितव्य जवळ आलेले असते, पण हातात आलेले नसते. पालक दूर, मित्र भिंतीपलीकडे आणि परीक्षा डोक्यावर. अभियांत्रिकीचे शेवटचे सत्र वसतिगृहात काढलेल्या कोणालाही हा ताण ओळखीचा वाटेल.

खरे आकर्षण कशाचे?

शरीरसंबंधांची मोकळी वर्णने हे एक कारण आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तशी वर्णने इतरत्रही मिळतात. ‘द डील’मधील हॅनावर शाळेत असताना लैंगिक अत्याचार झालेला आहे. गॅरेटचे वडील नामवंत हॉकीपटू आणि घरात मारहाण करणारे. आपल्यातही तोच राग उतरला असेल का, ही त्याची भीती. सरिना बोवेन यांच्या ‘द इयर वी फेल डाउन’ (२०१४) मधील नायिका स्वतः हॉकी खेळायची, पण अपघातानंतर ती व्हीलचेअरवर आहे. अशा कथांत नायकाची कसोटी गोल करण्यात लागत नाही. तो विचारतो का, नकार ऐकतो का आणि थांबतो का, यात लागते.

अंगात ताकद असलेला, ती वापरण्याचा परवाना असलेला माणूस खोलीत आल्यावर ती ताकद बाजूला ठेवतो, ही या कथांची हमी आहे. शेवट सुखाचा होणार हे आधीच ठरलेले असल्याने वाचक भीतीच्या जवळ जाऊन सुरक्षित परत येऊ शकतो. सगळ्याच लेखिका ही हमी पाळत नाहीत. काही पुस्तकांत मालकी हक्क गाजवणे हेच प्रेम ठरते आणि त्यावर टीका होते ती योग्यच आहे.

प्रत्यक्षातील हॉकी कशी आहे?

मे २०२२ मध्ये उघड झाले, की २०१८ मधील कथित सामूहिक लैंगिक अत्याचाराबाबत एका तरुणीने केलेला दावा ‘हॉकी कॅनडा’ने पैसे देऊन मिटवला होता. आरोप त्या वर्षीच्या राष्ट्रीय कनिष्ठ संघातील खेळाडूंवर होते. संसदीय समितीने चौकशी केली, सरकारने निधी गोठवला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये संघटनेच्या संपूर्ण संचालक मंडळाने पद सोडले. पुढे पाच खेळाडूंवर खटला चालला आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने पाचही जणांना निर्दोष ठरवले. तरीही लॉकर रूममधल्या संस्कृतीवर कॅनडात सुरू झालेली चर्चा थांबलेली नाही. कादंबरीतला ‘विचारणारा’ खेळाडू या पार्श्वभूमीवर वाचला जातो. तो वास्तवाचे वर्णन नसून वास्तवाकडून असलेली अपेक्षा आहे.

सिएटलमध्ये काय बिनसले?

ही अपेक्षा आणि खरी माणसे यांची गल्लत झाली की काय होते, हे २०२३ मध्ये दिसले. ‘सिएटल क्रॅकेन’ या व्यावसायिक संघाने बुकटॉकच्या वाचकांना आकर्षित करण्यासाठी खेळाडूंच्या तशा चित्रफिती टाकल्या. नवे प्रेक्षक मिळाले, पण ॲलेक्स वेनबर्ग या खेळाडूबद्दल लैंगिक स्वरूपाच्या टिप्पण्याही सुरू झाल्या. आधी त्याच्या पत्नीने आणि मग त्याने स्वतः जाहीर नाराजी व्यक्त केली. संघाने तो मजकूर हटवला. ज्या कथांचा गाभाच संमती हा आहे, त्यांच्या नावाखाली एका खऱ्या माणसाची संमती कोणी विचारली नव्हती. यात वाचकांइतकाच दोष जाहिरातीसाठी हे खतपाणी घालणाऱ्या संघाचाही होता.

पालक आणि वाचकांनी काय लक्षात घ्यावे?

मुखपृष्ठावरील गोड चित्रामुळे ही पुस्तके शाळकरी मुलांची वाटतात. बहुतेक तशी नाहीत, ती प्रौढांसाठी आहेत. घेण्यापूर्वी सुरुवातीची सूचना वाचावी. अनेक लेखिका त्यात अत्याचार, हिंसा अशा विषयांची कल्पना देतात. मात्र घरात कोणी अशी पुस्तके वाचत असेल, तर लगेच हिणवण्याचे कारण नाही. त्या वाचकाला त्यात नेमके काय आवडले, हे विचारून पाहावे. उत्तर बहुधा हॉकीबद्दल नसेल.